चौदाशे मतं आणि दोनशे प्रेक्षक : सांगलीतल्या एका चित्रपट स्पर्धेचं प्रकरण

हे प्रकरण सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका चित्रपट मंडळाचं आहे. दुसऱ्या गावांत अशी स्पर्धा भरवू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून मंडळानेच ते लिहायला सांगितलं. मी मंडळाचा सभासद नाही. बैठकींची टिपणं, मतांच्या याद्या आणि दिग्दर्शकांशी झालेला पत्रव्यवहार मला बघायला मिळाला, त्यावरून हे लिहितो आहे. माणसांची आणि स्पर्धेतल्या चित्रपटांची नावं काढली आहेत. आकडे ओळख पटणार नाही इतपत इकडे-तिकडे केले आहेत, प्रमाण तेच आहे.

पार्श्वभूमी

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून सांगली नाट्यपंढरी. या प्रकरणाशी त्याचा संबंध एवढाच, की इथला प्रेक्षक स्पर्धेला मुरलेला आहे. हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर निकाल लागला, की परीक्षकांच्या नावाने बोटं मोडायची हाही इथे त्या सोहळ्याचाच भाग. त्यामुळे मंडळाने स्वतंत्र मराठी चित्रपटांची स्पर्धा घ्यायचं ठरवलं तेव्हा ‘परीक्षक नकोत, लोक ठरवतील’ हे पहिल्याच बैठकीत कुणी हरकत न घेता मंजूर झालं.

मंडळ लहान आहे. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. सचिव बँकेत नोकरीला. महिन्यातून एक चित्रपट, प्रोजेक्टरवर, कॉलेजच्या सभागृहात. वर्गणी भरणारे बरेच, येणारे थोडे. बाद फेरीची कल्पना अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या एका सभासद मुलीची. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा १९८५ साली ६४ संघांची झाली, आणि तिथे लोक सामने सुरू व्हायच्या आधीच कोण कुणाला हरवणार याचा अख्खा तक्ता भरून ठेवतात. तिने तोच तक्ता चित्रपटांना लावला. दोन चित्रपट समोरासमोर, जास्त मतं मिळतील तो पुढे. सरांना ते पटलं, कारण दर आठवड्याला एक लढत म्हणजे दर आठवड्याला बोलायला एक विषय. गुण देऊन क्रम लावायचा म्हटलं तर शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला काही हुरूप नाही.

चित्रपट निवडताना पहिला वाद ‘स्वतंत्र’ म्हणजे कुठला यावर झाला. ‘श्वास’ किंवा ‘कोर्ट’ घेतले तर बाकीच्यांनी यायचंच कशाला, असं सचिवांचं म्हणणं. दोघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेलं. लोकांच्या मतावर चालणाऱ्या स्पर्धेत ऐकलेलं नाव न ऐकलेल्याला हरवतं, चित्रपट कसा का असेना. म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले आणि सांगलीच्या चित्रपटगृहांत आठवडाभर चाललेले चित्रपट बाजूला ठेवले. हा निर्णय मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा वाटतो. नंतरच्या गोंधळात त्याची कुणाला आठवण राहिली नाही.

राहिले तेरा चित्रपट. तेरांची बाद फेरी म्हणजे तिघांना पहिल्या फेरीत पुढे चाल, उरलेल्या दहांच्या पाच लढती, मग उपांत्यपूर्व चार, उपांत्य दोन, अंतिम एक. एकूण बारा. कितीही चित्रपट असोत, लढती त्याहून एकने कमी. कारण विजेता सोडून प्रत्येकाला एकदा हरावंच लागतं. मानांकन कशाच्या आधारे द्यायचं हे ठरेना, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. कुस्तीच्या मैदानात पंच वजन बघून जोड लावतात. इथे डब्यात हात घालून लावली. सरांच्या मते सगळ्यांत चांगले दोन चित्रपट पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर आले आणि त्यातला एक घरी गेला.

मतदानाची व्यवस्था अशी होती. दिग्दर्शकांनी व्हिमिओ या व्हिडिओच्या संकेतस्थळावर पासवर्ड लावून चित्रपट ठेवायचे, मंडळाने आठवडाभर दुवा द्यायचा, आणि रविवारी रात्री गूगल फॉर्म बंद करायचा. एका खात्यावरून एकच मत जावं म्हणून फॉर्मला लॉगिन सक्तीचं केलं होतं. व्हॉट्सअॅपवरच्या पोलचा विचार झाला होता, पण तिथे कुणी कुणाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, म्हणून तो सोडला. नियमपत्रिका दीड पानाची होती. मत देणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असावा हे त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते गृहीत होतं.

अडचण

पहिली फेरी गोडीगुलाबीत झाली. एका लढतीला दीडशे ते अडीचशे मतं पडत होती आणि मंडळ खूश होतं.

उपांत्यपूर्व फेरीत तासगाव तालुक्यातल्या एका गावचा चित्रपट कोकणातल्या एका चित्रपटासमोर आला. तासगावकडच्या चित्रपटाचा दिग्दर्शक त्याच गावचा. पैसे पाहुण्यांनी आणि द्राक्षबागायतदारांनी घातलेले, आणि निम्मं गाव पडद्यावर. सोमवारी दुपारपर्यंत नेहमीसारखी मतं आली. संध्याकाळी दुवा गावाच्या ग्रुपवर पडला, तिथून माजी विद्यार्थ्यांच्या, तिथून पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांच्या. रविवारी फॉर्म बंद झाला तेव्हा चौदाशेच्या वर मतं होती आणि त्यातली साडेअकराशे तासगावकडच्या चित्रपटाला.

व्हिमिओवर चित्रपट किती वेळा उघडला गेला हे तो ठेवणाऱ्याला दिसतं. मंडळाने विचारल्यावर दोन्ही दिग्दर्शकांनी आकडे पाठवले. एक सुमारे दोनशे वेळा उघडला गेला होता, दुसरा त्याहून कमी.

हरलेल्या दिग्दर्शकाने पत्र लिहिलं. त्यात निकालाबद्दल तक्रार नव्हती. आपला चित्रपट किती जणांनी बघून नाकारला आणि किती जणांनी न बघता, एवढं कळवावं अशी विनंती होती. मंडळाकडे उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसरी एक लढत चालू होती. तिच्या फॉर्ममध्ये त्या मुलीने घाईने एक प्रश्न घातला : चित्रपट शेवटी कुठे संपतो? अर्ध्या तासात योग्य उत्तरं येऊ लागली. ‘विहीरीपाशी.’ मग पुन्हा ‘विहीरीपाशी’, आणि पुन्हा. पहिली वेलांटी ऱ्हस्व, ती ठीक, दुसरीही ऱ्हस्वच हवी, पण ती सगळ्यांनी एकाच पद्धतीने दीर्घ लिहिलेली. ओळीच्या ओळी तशाच. कुणीतरी एकदा लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी उचलून चिकटवलं होतं. प्रश्न काढून टाकला.

एक गोष्ट मंडळाला उशिरा कळली. गावाने आपला चित्रपट पाहिलेला होता. जत्रेत पडदा लावून तो दाखवला होता, लहान पोरांपासून सगळ्यांना. म्हणजे व्हिमिओच्या आकड्यावरून ‘न बघता मत दिलं’ म्हणणं त्यांच्यावर अन्याय होता. त्यांनी पाहिला नव्हता तो समोरचा चित्रपट. समोरासमोरच्या लढतीत खरी मेख ही आहे. गुण द्यायचे तर एक चित्रपट बघून भागतं. दोघांतला एक निवडायचा तर दोन्ही बघावे लागतात.

समोरचे पर्याय

तातडीच्या बैठकीत सचिवांचा आग्रह होता की लढत रद्द करावी, मतं बोगस आहेत. सरांनी तो शब्द टिपणातून खोडायला लावला. त्यांचं म्हणणं असं : मतं बोगस कशी? माणूस खरा, खातं खरं, मत खरं. फक्त ते चित्रपटाला दिलेलं नाही, आपल्या पोराला दिलेलं आहे. आणि ते देऊ नका असं आपण कुठे लिहिलं होतं?

काहीच करू नये हाही एक पर्याय होता, आणि तो वाटतो तितका हलका नव्हता. मंडळाला गर्दी हवी होती म्हणूनच त्यांनी बाद फेरी घेतली. गर्दी आली. आता ती आपल्या ओळखीची नाही म्हणून नाक मुरडायचं, याला काही अर्थ नव्हता. पण पुढच्या तिन्ही लढती कुणाचे ग्रुप मोठे यावरच लागणार हेही उघड होतं. एका दिग्दर्शकाच्या मित्राने तर कोल्हापूरच्या एका मंडळाशी मतांच्या देवघेवीचं बोलणं सुरू केलं होतं.

अर्धं वजन परीक्षकांना द्यावं ही सूचना आली आणि पडली. ज्या कारणासाठी परीक्षक काढले होते ते कारण अजून तिथेच होतं.

उरला तो सभागृहाचा पर्याय. उपांत्य फेरीपासून दोन्ही चित्रपट पाठोपाठ दाखवायचे आणि दोन्ही बसून बघणाऱ्यालाच मतपत्रिका द्यायची. याला खर्च होता, वेळ होता, आणि एक मोठा दोष होता : स्पर्धा अर्ध्यावर आली असताना नियम बदलायचा. तोही अशा वेळी, की बदलाचा फटका नेमका कुणाला बसणार हे सगळ्यांना दिसत होतं.

निर्णयाची जागा

बैठकीतलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य त्या मुलीचं आहे. ती म्हणाली, “सर, नियम आपण बदलला तर तो त्यांच्यावर रोख धरून बदलला असं होईल. त्यांनाच विचारू या ना.”

त्यावरून मंडळाने एक कागद तयार केला आणि उपांत्य फेरीतल्या चारही दिग्दर्शकांना पाठवला. उपांत्यपूर्व फेरीचे निकाल आहेत तसेच राहतील. पुढे मतदान सभागृहात, गुप्त पद्धतीने, दोन्ही चित्रपट पाहणाऱ्यांचंच. एक जण जरी नाही म्हणाला तरी जुन्या नियमाने ऑनलाइन मतदान चालू राहील.

तासगावकडच्या दिग्दर्शकाने दोन दिवस घेतले. मग एक अट घातली. रात्री खेळ संपल्यावर परतीची एसटी नसते, माझी माणसं सांगलीला येणार कशी? खेळ गावातही व्हावा. अट रास्त होती. मंडळाने ती मानली आणि कागदात एक ओळ वाढवली : दोन ठिकाणी मतदान झालं तर दोन्हीकडची मतं एकत्र मोजली जातील. ‘एक माणूस, एक मत’ हे इतकं साहजिक वाटलं, की या ओळीवर टिपणात एका शब्दाची चर्चा नाही. चौघांनी सह्या केल्या.

अंमलबजावणी

इथे मंडळाला जे आधी तपासायला हवं होतं ते आता तपासावं लागलं. व्हिमिओचा दुवा द्यायची परवानगी म्हणजे सभागृहात दाखवायची परवानगी नव्हे. निर्मात्याचं वेगळं पत्र लागतं. तिकीट नाही म्हणून चालेल असा एका सभासदाचा समज होता. हौशी मंडळाने फुकट प्रयोग करण्याची जी सवलत कॉपीराइट कायद्यात आहे, ती नाटक, साहित्य आणि संगीताला आहे, चित्रपटाला नाही. नाट्यपंढरीत ही गल्लत होणं स्वाभाविकच.

पत्रं मिळाली. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राने मात्र घात केला. जाहीर खेळ म्हटला की १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतं. दुसऱ्या उपांत्य लढतीतल्या एका चित्रपटाकडे ते नव्हतंच, कारण तो फक्त महोत्सवांतून फिरला होता आणि महोत्सवांना केंद्र सरकारकडून तेवढ्यापुरती सूट घेता येते. फक्त सभासदांसाठी खेळ लावा, असं त्या दिग्दर्शकाने सुचवलं. मंडळाला ते धोक्याचं वाटलं. शेवटी तो बाहेर पडला आणि समोरच्याला न लढता अंतिम फेरी मिळाली. त्याचा या सगळ्या वादाशी काडीचा संबंध नव्हता. त्याने कागदावर सही केली ती मंडळावर विश्वास ठेवून, आणि ज्याने कागद आणला त्याच्याकडे प्रमाणपत्रांची यादी नव्हती. मंडळाने त्याला खेदाचं पत्र लिहिलं आहे. ते मी वाचलं. चांगलं आहे, पण त्याने काही परत येत नाही.

राहिली एकच खरी उपांत्य लढत. तासगावकडचा चित्रपट विरुद्ध पुण्याच्या काही तरुणांनी केलेला, एका शाळेबद्दलचा संथ चित्रपट.

पद्धत साधी ठेवली. दारात पुठ्ठ्याचं कार्ड. पहिल्या चित्रपटाला आत जाताना एक शिक्का, मध्यंतरानंतर परत येताना दुसरा. शिक्का मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांवर मारायचा जुनाच, ‘रक्कम पोहोचली’ असं लिहिलेला. दोन शिक्क्यांचं कार्ड दाखवलं की खेळ संपल्यावर मतपत्रिका. क्रमाचा फायदा कुणाला होऊ नये म्हणून सांगलीत गावचा चित्रपट आधी आणि गावात शाळेचा आधी.

सांगलीत सुरुवातीला सभागृह भरलं होतं. मध्यंतरात बरीच माणसं भडंगाचे पुडे घेऊन बाहेर रेंगाळली ती परत आलीच नाहीत. शेवटी २१० मतपत्रिका दिल्या गेल्या.

गावात उलटं झालं. पहिल्या चित्रपटाला माणसं तुरळक, आणि दुसरा सुरू व्हायच्या वेळी शाळेचं मैदान फुलून गेलं. उशिरा आलेल्यांना मतपत्रिका नाही यावरून दारात हुज्जत झाली. एक आजी शिक्केवाल्या पोरावर तापल्या.

“नातू हाय माझा त्यात. मला चिठ्ठी का न्हाई?”

“आजी, तुम्ही पयला पिक्चर बघितला न्हाई.”

“तो बघून काय करू? त्यात कोण हाय आमचं?”

पोराने मतपत्रिका दिली नाही. दिग्दर्शक जवळच उभा होता, तोही काही बोलला नाही. गावात ९० मतपत्रिका दिल्या गेल्या.

निकाल

सांगलीत शाळेच्या चित्रपटाला १२८ आणि तासगावकडच्याला ८२. गावात तासगावकडच्याला ५८ आणि शाळेच्या चित्रपटाला ३२. एकत्र केल्यावर १६० विरुद्ध १४०. शाळेचा चित्रपट अंतिम फेरीत गेला.

गावातल्या मतपत्रिका मोजताना टेबलाभोवती शांतता होती असं सचिव सांगतात. ज्या मैदानात निम्मे प्रेक्षक पडद्यावर स्वतःला बघत होते, तिथे तिसऱ्या हिश्शाहून जास्त मतं दुसऱ्या चित्रपटाला पडली. मला सगळ्या कागदांत ती बत्तीस मतं जास्त बोलकी वाटतात. हीच माणसं महिन्यापूर्वी फॉर्मवर होती की नव्हती हे शोधायला मार्ग नाही, पण त्या चौदाशे मतांत अशा मतांना जागाच नव्हती, कारण दुसरा चित्रपट तिथे पोहोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावातून प्रश्न आला, आणि तो बिनतोड होता. सांगलीचं सभागृह मोठं, शहर मोठं, मग मतं एकत्र केली की सांगलीच जिंकणार ना? गणित करून बघितलं. दोन्ही ठिकाणांना सारखं वजन देऊन टक्केवारीची सरासरी काढली, तर शाळेच्या चित्रपटाला सुमारे ४८ टक्के आणि तासगावकडच्याला सुमारे ५२. निकाल उलटा. त्याच ३०० मतपत्रिका, मोजायची रीत बदलली की विजेता बदलतो. ज्या ओळीवर चर्चा झाली नव्हती त्या ओळीनेच लढतीचा फैसला केला होता.

तासगावकडच्या दिग्दर्शकाने सही पाळली. गावातल्या ग्रुपवर त्याने लिहिलं की कागद वाचून सही केली होती, विषय संपला. त्याच्यामुळे तो खरंच संपला.

अंतिम लढतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उपांत्य फेरीपेक्षा कमी माणसं आली, शाळेचा चित्रपट आरामात जिंकला. न लढता आलेल्या चित्रपटाबद्दल कुणाला ना प्रेम ना राग.

वेगळं काय करता आलं असतं

मतदार कोण, हे चिठ्ठ्या टाकायच्या आधी ठरलं असतं तर निम्मी भानगड टळली असती. दोन्ही चित्रपट बघितल्याशिवाय मत नाही, हा नियम पहिल्या फेरीपासून लावला असता तर मतं कमी पडली असती आणि पहिल्या फेरीचा उत्साहही कमी झाला असता. ही किंमत मोजायची तयारी मंडळाची तेव्हा होती का, याबद्दल मला शंका आहे.

प्रमाणपत्र आणि निर्मात्याचं पत्र या दोन गोष्टी प्रवेश अर्जाबरोबरच मागायला हव्यात, स्पर्धा पूर्ण ऑनलाइन असली तरी. पुढे कुठल्या वळणावर सभागृह लागेल सांगता येत नाही, आणि तेव्हा कागद गोळा करायला लागलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

दोन ठिकाणांच्या मतांचा प्रश्न अवघड आहे. एकत्र मोजणं आणि सरासरी काढणं, दोन्ही रीती सरळ आहेत आणि दोन्हींच्या बाजूने बोलता येतं. दोन्हीकडे मतपत्रिकांची संख्या आधीच सारखी ठरवली असती, समजा शंभर-शंभर, तर हा वाद उद्भवलाच नसता. काही महोत्सव प्रेक्षक पुरस्कारासाठी प्रत्येक चित्रपटाला एक ते पाच गुण मागतात आणि सरासरी काढतात. तिथे सभागृह केवढं हा प्रश्न मागे पडतो. सरांना ते पसंत नाही. त्यात चुरस नाही, असं ते म्हणतात. बरोबरही आहे. पण बाद फेरीत खरा क्रम कळतो असं मात्र कुणी समजू नये. लोकांनी क पेक्षा ख, ख पेक्षा ग आणि ग पेक्षा पुन्हा क पसंत करणं शक्य असतं, हे कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ साली दाखवून दिलं आहे. अशा वेळी कोण जिंकणार हे चिठ्ठीवर ठरतं, आणि पहिल्या फेरीत घरी गेलेल्या त्या चित्रपटाबद्दल सर अजून हळहळतात.

पुढच्या वर्षीच्या मसुद्यात आठच चित्रपट आहेत, सातही लढती सभागृहात, आणि ऑनलाइन मतांसाठी वेगळा लोकप्रिय पुरस्कार. नियम ठरवणाऱ्या समितीत तासगावकडच्या दिग्दर्शकाला घेतलं आहे. दोन ठिकाणच्या मतांचं काय करायचं यावर त्याचं आणि सचिवांचं अजून जमलेलं नाही, म्हणून मसुद्यातली ती ओळ सध्या कोरी आहे.